ब्लोअर ओरडतोय फुल, जाळीतून हवा मात्र फुंकरीएवढी

धूळभेट

मंडळी, नमनाला घडाभर तेल न घालता मुद्द्यावर येतो. गाडी पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, लाखाच्या आसपास किलोमीटर झालेले. एसी साधा, गोल खटक्यांचा. ऑटो वगैरे भानगड नाही. तक्रार अशी की ब्लोअर ४ वर टाकला की डॅशबोर्डच्या आत भरपूर आवाज होतो, पण जाळीसमोर हात धरला तर हवा जेमतेम लागते. जी लागते ती गार असते. मागच्या सीटवर तर काहीच पोचत नाही. काचेवर वाफ धरली की ती जायलाही फार वेळ लागतो, आणि मला एसीपेक्षा त्याचीच काळजी जास्त आहे.

गॅरेजवाल्याने गॅस तपासला, ठीक निघाला. मग म्हणाला मोटर कमजोर झालीय. नवी मोटर बसवली (कंपनीची नव्हे, बाहेरची). फरक पडला तो उलटाच: हवा आधीपेक्षाही कमी वाटतेय आणि आवाजाची जात बदललीय. आधी बारीक, चढा आवाज यायचा, आता जाड घरघर येते. आता तो म्हणतो कूलिंग कॉइल (जिच्यातून जाताना हवा गार होते ती) बदलावी लागेल, त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा. एकदा उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही, कुठे ना कुठे करकर सुरू होते, असं ऐकून आहे. त्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल?

नेमस्त

फिल्टर. ग्लोव्ह बॉक्स उघडा, दोन्ही बाजूंनी आत दाबून खाली सोडा, मागे एक चपटं झाकण दिसेल. त्याच्या आत फिल्टर. काढा आणि उजेडासमोर धरा. पलीकडचं काही दिसत नसेल तर धागा बंद करायला हरकत नाही.

तिरपागडे

फिल्टरला +१. आमच्या गाडीत फिल्टरच्या वर उंदराने कापसाचं घर केलं होतं, बाळंतपणाची पूर्ण तयारी. बॉनेटखालच्या इन्सुलेशनचा कापूस कुठे जातोय याचा उलगडा तेव्हा झाला.

पाना_पक्कड

फिल्टर बघाच, पण फिल्टरवर थांबू नका.

गॅरेजने केलं ते म्हणजे रोग रेड्याला, औषध पखालीला. मोटर कमजोर हे ठरवलं कशावरून? करंट मोजला? व्होल्टेज मोजलं? हवा कमी येण्याची कारणं ढीगभर, पण हवेचा रस्ता एकच असतो. त्या रस्त्यावर घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नये.

रस्ता असा: समोरच्या काचेच्या बुडाशी, वायपरखाली जी जाळी असते तिथून बाहेरची हवा आत येते. पुढे एक फ्लॅप, जो बाहेरची हवा घ्यायची की केबिनमधलीच फिरवायची ते ठरवतो. मग फिल्टर, मग ब्लोअर (काही गाड्यांत ब्लोअर आधी आणि फिल्टर नंतर), मग कूलिंग कॉइल. कॉइलच्या पुढे टेंपरेचरचा फ्लॅप. हवा हीटर कोअरमधून (हवा गरम करणाऱ्या भागातून) किती न्यायची आणि बाजूने किती सोडायची ते त्याचं काम. शेवटी तोंडावर, पायांत की काचेवर हे ठरवणारे फ्लॅप, आणि तिथून जाळ्यांपर्यंतचे डक्ट. बरं, आत आलेली हवा बाहेरही जावी लागते. त्यासाठी मागच्या बंपरच्या आड किंवा डिकीच्या बाजूच्या पत्र्यात रबरी झडपा असतात, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

आता एकही पाना न उचलता पुढचं बघून सांगा. १ ते ४ सगळे स्पीड वेगवेगळे जाणवतात का? हवा गाडी सुरू केल्यापासूनच कमी आहे, की अर्धा तास एसी चालल्यावर कमी होते? चारही जाळ्यांत सारखीच कमी, की एखाद्याच? खटका पायांवर आणि काचेवर फिरवला तर तिथे जोर येतो का? बाहेरची हवा आणि आतली हवा यांत फरक पडतो का? एक काच चार बोटं खाली केली तर जाळीतला जोर वाढतो का? आणि फिल्टर साफ काढून ठेवून ब्लोअर चालवला तर?

प्रत्येक उत्तर रस्त्याचा एकेक तुकडा बाद करतं.

कडकलक्ष्मी

धाग्यात घुसतेय, पण विषय हाच आहे. माझी गाडी ऑटो क्लायमेटची. हवेला जोर भरपूर आहे, पण ती कायम काचेवर आणि पायांतच जाते, तोंडावर येतच नाही. शिवाय चावी फिरवली की डॅशबोर्डच्या मागून टक्‌-टक्‌-टक्‌ असा आवाज थोडा वेळ येतो आणि थांबतो. सर्व्हिस सेंटरने अख्खा एसी बॉक्स बदलायला सांगितलाय.

पाना_पक्कड

कडकलक्ष्मी ताई, बॉक्स अजिबात बदलू नका. हा मोड फ्लॅपचा (हवा तोंडावर, पायांत की काचेवर हे ठरवणाऱ्या फ्लॅपचा) ॲक्चुएटर आहे. तळहातात मावेल अशी प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यात छोटी मोटर आणि प्लॅस्टिकचे गिअर. गिअरचा एखादा दात तुटला की मोटर फिरते पण फ्लॅप हलत नाही, आणि तुटलेल्या जागी घसरताना तो टक्‌-टक्‌ आवाज होतो. चावी फिरवल्यावरच येतो कारण कंट्रोलर त्या वेळी फ्लॅपला जागेवर न्यायला बघतो.

कुणाला तरी खटके फिरवायला बसवा, आणि तुम्ही खाली वाकून एकेका डबीवर बोट ठेवा. जी थरथरतेय ती दोषी. बहुतेक वेळा दोन-तीन स्क्रूंवर असते. काढल्यावर फ्लॅपचा दांडा हाताने फिरवून बघा. सहज फिरला तर फक्त डबी बदला. जड असेल तर फ्लॅपच अडकलाय, म्हणजे आत पेन पडलंय किंवा फ्लॅपवरचा फोम सुटून गोळा झालाय. तशात नवी डबी बसवलीत तर तिचेही दात जातील. बदलल्यावर कॅलिब्रेशन लागतं. काही गाड्या ते आपणहून करतात, काहींना स्कॅनर जोडावा लागतो.

जुनाट

अवांतर, पण मजेशीर. जुन्या अमेरिकन गाड्यांत हे फ्लॅप इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचे. तिथे दुखणं असं की सपाटीवर हवा तोंडावर, आणि चढ लागून ॲक्सिलरेटर दाबला की तीच हवा आपोआप काचेकडे. लोकांना वाटायचं गाडीला झपाटलंय. कारण सरळ आहे: थ्रॉटल उघडला की इंटेकमधला व्हॅक्यूम पडतो. तो धरून ठेवायला एक छोटी टाकी आणि एकदिशा झडप असते. झडप गळकी झाली की फ्लॅप सुटतात. आणि सुटले तर काचेकडेच जावेत अशी रचना मुद्दाम केलेली असते, कारण बाकी काही नसलं तरी समोरचं दिसलं पाहिजे.

धूळभेट

पाना_पक्कड काका, सगळं करून पाहिलं.

स्पीड चारही वेगळे आहेत. हवा सुरुवातीपासूनच कमी, वेळेनुसार फरक नाही. चारही जाळ्यांत सारखी कमी. पायांत आणि काचेवरही तशीच. बाहेरची-आतली केली तर आवाज थोडा बदलतो, जोर तोच. काच खाली केल्यानेही काही होत नाही.

आणि फिल्टर! ट्रे काढला तर तो रिकामा. फिल्टरच नाही. आधीच्या मालकाने कधी बसवला होता की गाडी पहिल्यापासून अशीच होती, देव जाणे.

नेमस्त

रिकामा ट्रे म्हणजे माझा दावा निकालात. पण मग आणखी वाईट बातमी: इतकी वर्षं जी धूळ फिल्टरने खायची ती कुणीतरी दुसऱ्याने खाल्ली आहे.

पाना_पक्कड

नेमस्त बरोबर बोलले. काही मॉडेल्सच्या खालच्या व्हेरियंटमध्ये फिल्टरची जागा असते, फिल्टर नसतो. धूळ, केस, सीटकव्हरचे तंतू सरळ कूलिंग कॉइलवर. कॉइल एसी चालू असताना ओली असते, त्यामुळे आलेलं सगळं तिला चिकटतं.

तुमच्या उत्तरांवरून: सगळे स्पीड वेगळे म्हणजे रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग) आणि स्विच बहुधा ठीक. सगळीकडे सारखीच कमी म्हणजे मोड फ्लॅप आणि डक्ट संशयातून सुटले. बाहेरची-आतलीने फरक नाही म्हणजे वायपरखालची जाळी सुटली. काच खाली करून फरक नाही म्हणजे मागच्या झडपा सुटल्या. सुरुवातीपासून कमी म्हणजे कॉइलवर बर्फ धरत नाहीये. उरले दोन तुकडे: खुद्द ब्लोअर आणि त्याच्या लगेच पुढची कॉइल.

यातही तुम्ही सुरुवातीलाच एक मोलाची गोष्ट लिहिली आहे. जुन्या मोटरचा आवाज बारीक आणि चढा होता. ते तुंबलेल्या रस्त्याचं लक्षण. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर हात ठेवला की त्याचा सूर चढतो ना, तसंच. हवा पुढे सरकत नसेल तर पंख्याला कामच उरत नाही, तो हलका होऊन जास्त वेगाने फिरतो आणि करंट कमी खातो. तुमची जुनी मोटर बहुतेक धडधाकट होती.

नवीची जाड घरघर हे वेगळं प्रकरण आहे. त्याबद्दल मला एक दाट संशय आहे, पण आधी सांगा: नव्या मोटरचा कप्लर (वायरींचा प्लगसारखा जोड) जुन्यासारखाच होता का? की वायरी कापून जोडल्या?

वातकुक्कुट

थांबा थांबा. हे पटत नाही. अडथळा आला की मोटरवर ताण येतो, ताण आला की करंट वाढतो. पाण्याचा पंप असो, मिक्सर असो, सगळीकडे हेच. हवा अडली तर करंट कमी कसा होईल? फिल्टर तुंबला की रेझिस्टर जळतो असं सगळेच मेकॅनिक सांगतात, ते काय खोटं?

पाना_पक्कड

मिक्सरचं पातं घट्ट वस्तूत रुततं. पंख्याला रुतायला काही नाही. ब्लोअरचा पंखा पिंजऱ्यासारखा असतो: मधून हवा घेतो, फिरवतो आणि कडेने फेकतो. त्याचं काम म्हणजे हवेला वेग देणं. नवी हवा आतच येत नसेल तर तीच हवा पिंजऱ्यात गोल फिरत राहते आणि तिला पुन्हा वेग द्यावा लागत नाही. ओझं कमी, फेरे जास्त. फेरे वाढले की मोटर आतून उलट व्होल्टेज जास्त तयार करते आणि करंट उतरतो.

रेझिस्टरचं मेकॅनिक सांगतात ते खरं आहे, कारण मात्र दुसरं. रेझिस्टर हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, म्हणजे वाऱ्याने थंड राहावा. वारा कमी झाला की तो तापतो आणि त्याच्यावरचा थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) उडतो. मोटरचे बुश (ज्यांत दांडा फिरतो त्या कड्या) सुकले असतील तर मात्र खरोखर उलटं होतं: फेरे कमी, करंट जास्त, आणि तोही रेझिस्टरच्याच जिवावर.

म्हणून करंट मोजल्याशिवाय मोटरला दोष देऊ नये. हवा कमी आणि करंटही कमी: रस्ता तुंबलाय. हवा कमी आणि करंट जास्त: मोटर जड फिरतेय. हवा कमी, करंट कमी आणि मोटरच्या कप्लरला व्होल्टेजही कमी: वीजच पोचत नाही, मग स्विच, रिले, अर्थ आणि वितळलेले कप्लर बघा.

स्थिर_विद्युत

पाना_पक्कड यांना दुजोरा. पात्यांची टोकं फिरण्याच्या दिशेने वळलेली असतात त्या पंख्यात हवेचा प्रवाह वाढेल तशी लागणारी शक्ती वाढत जाते, आणि गाड्यांचे ब्लोअर बहुतांशी याच जातीचे.

मोजणाऱ्यांसाठी दोन सूचना. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) डीसी, म्हणजे बॅटरीचा एकाच दिशेचा करंट, मोजणारा हवा. फक्त घरच्या विजेचा एसी करंट मोजणारा इथे शून्य दाखवेल. आणि साध्या मल्टिमीटरमधून हा करंट नेऊ नका. त्याची हद्द बहुधा १० अँपिअर असते, आणि ब्लोअर फुलवर सहज त्याच्या पुढे जातो. व्होल्टेज मोजताना इंजिन चालू ठेवा, ब्लोअर ४ वर, आणि प्रोब कप्लरच्या मागून वायरीला लावा. बॅटरीला १४ च्या आसपास असेल तर मोटरलाही तेवढ्याच्या जवळपास हवं. दोन-तीन व्होल्टचा फरक दिसला तर तो कुठेतरी उष्णता होऊन जातोय, आणि तिथलं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं सापडेल.

गोगलगाय

माझी समस्या अशी आहे की ब्लोअर फक्त ४ वर चालतो, १-२-३ वर मेलेला. यावर गॅरेजमध्ये रेझिस्टरवरचा फ्यूज शॉर्ट करून दिला, आता चालतोय. हे योग्य आहे का?

पाना_पक्कड

गोगलगाय, आजच काढून टाका. ४ वर रेझिस्टर वगळून थेट वीज जाते, म्हणून ४ चालतं आणि बाकीचे जातात; निदान अगदी बरोबर आहे. पण थर्मल फ्यूज शॉर्ट करणं म्हणजे प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये, धुळीच्या शेजारी, उघडी तापलेली तार ठेवून पहारेकऱ्याला सुट्टी देणं. नवा रेझिस्टर बसवा, कप्लरच्या पिना काळवंडल्या असतील तर तोही बदला, आणि आधीचा का जळला ते शोधा. नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

धूळभेट

वायरी कापूनच जोडल्या आहेत! कप्लर वेगळा होता, गॅरेजवाल्याने जुना कप्लर कापून नव्या मोटरला लावला. का?

पाना_पक्कड

मग संशय पक्का होत चाललाय. तुमची मोटर उलटी फिरत असावी.

हा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते. उलटी ओढली जात नाही. म्हणून कुणाला शंका येत नाही. फक्त जोर फार कमी होतो आणि आवाज जाड होतो, कारण पाती पाठीकडून हवेला ढकलत असतात. प्लस-मायनस बदलले गेले की हेच होतं. आणि रंगावरून अंदाज करणारा इथे हमखास फसतो: कित्येक गाड्यांत मोटरला १२ व्होल्ट थेट येतात आणि रेझिस्टर व स्विच अर्थच्या बाजूला असतात, त्यामुळे काळी वायर म्हणजे अर्थ हे गणित लागत नाही.

बघायचं असं. फिल्टरचा ट्रे तुमचा रिकामाच आहे, त्या फटीतून टॉर्च मारा. बहुतेक पंखा दिसेल. ब्लोअर १ वर चालवा आणि बंद करा. पंखा मंदावत थांबतो तेव्हा शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत दिशा स्पष्ट कळते. पात्यांची पोकळ बाजू पुढे येत असेल, म्हणजे हवा ओंजळीत धरल्यासारखी नेत असेल, तर बरोबर. फुगीर बाजू पुढे असेल तर उलटा. फटीत बोटं घालू नका.

ग्लोव्ह बॉक्सच्या खालून मोटर उतरवायची झाली तर आधी बॅटरीचा मायनस काढा, थोडा वेळ थांबा, आणि पिवळ्या कप्लरना हात लावू नका. ते एअरबॅगचे असतात.

तिरपागडे

म्हणजे इतके दिवस पंखा हवेला पाठीने ढकलत होता. सरकारी कामासारखं.

धूळभेट

उलटाच फिरत होता!

टॉर्च मारून नीट पाहिलं. थांबता थांबता फुगीर बाजू पुढे येत होती. मोटर खाली घेतली (तीन स्क्रू आणि एक रबरी नळी), मल्टिमीटरने प्लस कुठला ते नक्की केलं, जोड उघडून वायरी अदलाबदल केल्या, नीट सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब चढवली. लगेच फरक. घरघर गेली आणि आधीचा बारीक, चढा आवाज परत आला. हवा वाढली, पण अजून मजा नाही. शेजाऱ्यांचा क्लॅम्प मीटर आणला: ४ वर ९.५ अँपिअर, मोटरच्या कप्लरला १३.१ व्होल्ट.

स्थिर_विद्युत

व्होल्टेज चांगलं, करंट कमी, सूर चढा. पुढे तुंबलंय.

पाना_पक्कड

आता कॉइल. डॅशबोर्ड उतरवायची गरज नाही, निदान बघण्यासाठी तरी. ब्लोअर आणि कॉइलच्या मधल्या डक्टमध्ये रेझिस्टर बसवलेला असतो, दोन स्क्रूंवर. तो काढला की चौकोनी भोक पडतं, आणि त्यातून कॉइलचं तोंड बहुतेक गाड्यांत सरळ दिसतं. फोनला लावायचा एंडोस्कोप कॅमेरा असेल तर फारच सोपं. ब्लोअर नुकताच बंद केला असेल तर रेझिस्टरला हात लावू नका, तो चटका देतो.

धूळभेट

फोटो टाकता येत नाहीये, वर्णन करतो. रेझिस्टरच्या भोकातून कॅमेरा घातला. ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या दिसायला हव्या होत्या. दिसलं ते करड्या रंगाचं नमदं. सलग, मऊ, सुरकुत्या पडलेलं. मध्ये एक वाळलेलं पान, पिंजारलेले दोरे, आणि वरच्या कोपऱ्यात जेमतेम तळहाताएवढी चांदीसारखी उघडी जागा. जी काही हवा येत होती ती बहुधा तेवढ्यातूनच. लांब चिमट्याने कडेला धरून हळूच ओढलं तर एक पट्टा अखंड सुटून आला, कापड सोलल्यासारखा.

आता पुढे काय? पाण्याच्या प्रेशर वॉशरने धुऊ का?

पाना_पक्कड

प्रेशर वॉशर नको! त्या पट्ट्या कागदासारख्या पातळ असतात, जोराच्या धारेने आडव्या होतात आणि मग कॉइल कायमची तुंबते. शिवाय पाणी मोटरमध्ये आणि वायरिंगवर जाईल.

सुकं आहे तोवर जेवढं निघेल तेवढं काढा. मऊ लांब दांड्याचा ब्रश, पट्ट्यांच्या दिशेनेच, वरून खाली. आडवा कधीच नाही. सोबत व्हॅक्यूमची बारीक नळी धरा, नाहीतर सुटलेला कचरा तळाशी जाऊन ड्रेन बंद करेल. ओढून येतंय तेवढंच ओढा, पट्ट्या वाकतील असा जोर नको. त्यानंतर ॲल्युमिनियमला चालणारा, आम्ल नसलेला कॉइल क्लीनर फोम. ब्लोअर बंद ठेवून मारा, मुरू द्या, मग त्याच भोकातून हाताच्या स्प्रेने साधं पाणी. गाडीखाली ड्रेनच्या नळीतून काळं पाणी यायला हवं. येत नसेल तर लगेच थांबा, नाहीतर ते पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरेल. नळीचं टोक चिखलाने बुजलेलं असतं. खालून मऊ तार घालून मोकळं करा.

आणि गॅसच्या एकाही पाइपला हात लावू नका. हे सगळं काम गॅस न सोडता होतं.

वातकुक्कुट

हे सगळं मान्य. पण कॉइलच्या मागची बाजू? फक्त पुढून साफ करून अर्धंच काम झालं नाही का?

पाना_पक्कड

कचरा पहिल्या तोंडावर अडतो. मागे तंतू पोचत नाहीत, फार तर चिकट बारीक धूळ, ती फोमने निघते. कुबट वास हा मात्र मागच्या बाजूचा आणि तळाच्या ओलाव्याचा असू शकतो. मुक्कामावर पोचण्याआधी थोडा वेळ एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला की कॉइल सुकते आणि तो त्रास कमी होतो.

माळरान

माझं लक्षण वेगळं आहे. गाडी सुरू केल्यावर हवा मस्त. लांबच्या प्रवासात तासाभराने हवा मरत जाते, शेवटी फक्त आवाज. कुठे थांबून चहाबिहा झाला की पुन्हा मस्त. गाडीखाली भरपूर पाणी साचतं.

स्थिर_विद्युत

माळरान, कॉइलवर बर्फ धरतोय. तुम्ही थांबता तेव्हा तो वितळतो, तेच पाणी खाली दिसतं. पुढच्या वेळी हवा मेली की एसीचं बटण बंद करून ब्लोअर चालूच ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत हवा परतली तर खात्री झाली. कॉइलला लागून एक तापमानाचा सेन्सर असतो. कॉइल शून्याच्या जवळ आली की त्याने कंप्रेसर थांबवायला हवा. तो जागेवरून हलला किंवा बिघडला की कंप्रेसर थांबतच नाही. गॅस कमी असला तरी कॉइलच्या एका भागात बर्फ धरू शकतो, आणि तुंबलेला फिल्टर त्यात भर घालतो. म्हणून फिल्टर, मग सेन्सर, मग गॅसचं प्रेशर, या क्रमाने जा.

डिकीतला_ढोल

काच खाली केल्यावर जोर वाढतो का, हा पाना_पक्कड यांचा प्रश्न वाचून मी माझ्या गाडीत करून पाहिलं. वाढतो! आणि आता आठवतंय की दारही जोराने लावल्याशिवाय नीट लागत नाही, कानाला दडा बसल्यासारखं होतं. डिकीत साउंड सिस्टिमसाठी डँपिंग शीट लावून घेतली आहे, त्याचा संबंध असेल का?

पाना_पक्कड

शंभर टक्के. शीट लावणाऱ्याने मागच्या झडपांवरूनच लावली असणार. आतली हवा जायला जागा नाही, म्हणून बाहेरची आत येत नाही. डिकीची बाजूची पट्टी काढा, झडपेच्या चौकटीपुरती शीट कापा, आणि रबरी पापण्या बोटाने हलतात का बघा. आतल्या हवेवर तुम्हाला हा त्रास जाणवत नसेल, कारण तिथे हवा केबिनमध्येच गोल फिरते.

कडकलक्ष्मी

माझं काम झालं. डबीच होती. चालकाच्या बाजूला, पेडलच्या वर. एका गिअरचे तीन दात सलग गेलेले. फ्लॅपचा दांडा बोटाने अलगद फिरत होता म्हणून फक्त डबी बदलली. बॅटरी जोडल्यावर सगळे फ्लॅप आपापले फिरून जागेवर बसले, स्कॅनर लागला नाही. बॉक्स बदलायला सांगणाऱ्यांना जुनी डबी नेऊन दाखवली. म्हणाले, हो, असंही असू शकतं.

तिरपागडे

"असंही असू शकतं" 😂

धूळभेट

झालं एकदाचं. ब्रश, व्हॅक्यूम, फोम, पाणी, सगळं सांगितल्याप्रमाणे. ड्रेन खरोखरच बुजलेला होता. तार घातल्यावर भसकन काळं पाणी आलं आणि मग बराच वेळ येत राहिलं. सगळं सुकू दिलं, रेझिस्टर परत लावला, इंजिन सुरू करून ब्लोअर ४ वर. मागच्या सीटवर बसलेल्या चिरंजीवांनी तिथूनच ओरडून सांगितलं की हवा लागतेय. आवाज आता जाडही नाही आणि किंचाळणाराही नाही, नुसता वाऱ्याचा आहे. मोटरचं व्होल्टेज पूर्वीइतकंच, करंट १३ अँपिअर. म्हणजे रस्ता मोकळा झाला आणि करंट वाढला! वातकुक्कुट, बघा बुवा.

काचेवरची वाफही झटकन जाते आता. फिल्टर आणायचाय. साधा कागदी घेऊ की कार्बनवाला?

नेमस्त

साधा घ्या आणि वेळेवर बदला. बसवताना कडेला बाण असतो तो हवेच्या दिशेने ठेवा. तुमच्या गाडीत फिल्टर ब्लोअरच्या वर आडवा असेल तर बाण बहुतेक खाली येईल.

डिकीतला_ढोल

शीट कापली. दार आता नुसतं लोटलं तरी लागतं. सब-वूफरचा दणका मात्र किंचित कमी झाल्यासारखा वाटतोय, की मनाचे खेळ?

तिरपागडे

शेजाऱ्यांना विचारा.

वातकुक्कुट

मी माझ्या गाडीवर मोजलं, कारण ऐकीव गोष्टीवर माझा विश्वास नाही. ब्लोअर फुल, आतली हवा, खटका तोंडावर. फिल्टर काढून १६.१ अँपिअर. नवा कागदी फिल्टर घालून १५.४. कार्बनवाला घालून १४.८. आणि जो जुना बाहेर काढला, काळा पडलेला, तो परत घालून १२.९. सूरही त्याच क्रमाने चढत गेला. तेव्हा धूळभेट, वासाचा त्रास नसेल तर साधाच घ्या. कार्बनमधून हवा थोडी कमीच येणार.

पाना_पक्कड

झकास. व्होल्टेज चारही वेळा सारखं होतं ना? इंजिनचे फेरे खाली-वर झाले असतील तर तुलना चालणार नाही.

वातकुक्कुट

मोटरच्या कप्लरला चारही वेळा १३.२. तुम्ही हे विचारणार हे माहीत होतं.